माझं कुत्रं चुकत नाही

लग्नाकार्यात गाठ पडली की लोक माझी तब्येत विचारत नाहीत, जुलीचं विचारतात. "हवालदार, ती कुत्रीची गोष्ट सांगा की." जुली जाऊन जमाना झाला, मी रिटायर होऊन नातवंडं खेळवायलोय, तरी गोष्ट तिचीच पाहिजे. या अंकाच्या संपादकांनीही तेच मागितलं. म्हणाले, "कुत्र्याच्या करामती लिहा, वाचकांना मजा येते." मी हाव म्हणालो. लिहायला बसलो तर करामती दोन पानांत संपल्या आणि एक भलतीच गोष्ट पुढ्यात येऊन बसली. आता तीच लिहितो. मजा नाही आली तर संपादकांना बोला, मला नाही.

आधी धंदा सांगतो. मी पोलिसात कुत्र्याचा हस्तक होतो. हस्तक हा सरकारी शब्द, लोक म्हणायचे कुत्तेवाला. नेमणूक नांदेडला. जुली डॉबरमन जातीची, अंगानं काळी, तोंडावर आणि पायांवर तांबूस, शेपूट पिल्लू असतानाच कापलेली. तिचं शिक्षण पुण्याला झालं आणि तिच्यासंगं माझंही झालं. हुकूम इंग्रजीत द्यायचे असत. सिट, स्टे, कम. माझं सगळं इंग्रजी तेवढंच, पण ते मी झोकात बोलायचो. बायको म्हणायची, "कुत्रीसंगं साहेबावानी बोलताव अन् माझ्यासंगं गड्यावानी."

काम दिसायला सोपं. चोरी झाली तिथं जायचं, चोराचा हात लागलेली एखादी वस्तू हुंगवायची आणि पट्टा लांब सोडून मागं पळायचं. कुत्रं जिथं नेईल तिथं जायचं. पण खरं काम कुत्र्याकडं बघायचं असतं. वासावर लागलेलं कुत्रं तोंड बंद ठेवतं. नाक जमिनीला, मान खाली, चाल वाकडीतिकडी. तोंड उघडं, जीभ बाहेर, धापा टाकत नाकासमोर पळणारं कुत्रं हुंगत नसतं, ते आपल्या कामाला निघालेलं असतं. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्याची आहे, कुत्र्याची नाही. गावात पोहोचलं की गर्दी जमतेच. कुत्रं सोडायच्या आधी हस्तकानं गर्दीसमोर उभं राहायचं आणि मोठ्यानं सांगायचं, "हे कुत्रं आजवर चुकलेलं नाही. ज्यानं केलं असल त्यानं आत्ताच पुढं यावं." हे शिक्षणात नव्हतं, जुन्या हस्तकांकडून चालत आलेलं होतं. सांगून झालं की कुत्र्याकडं बघायचं नाही, माणसांकडं बघायचं. कोण मागं सरकतो, कोणाला एकदम शेत आठवतं, कोण पाय धुवायला पळतो. निम्म्या चोऱ्या जुलीच्या नाकानं उघडल्या असतील, निम्म्या माझ्या या एका वाक्यानं.

भोकरकडच्या एका गावात बियाण्याची पोती गेली होती. मी वाक्य म्हणालो आणि बघतो तर एक माणूस गर्दीच्या कडेला शेणाच्या पोवात उभा राहून दोन्ही चपला घोळवायलाय. जुली अजून जीपमधून उतरलीपण नव्हती. मी म्हणालो, "पाव्हणं, आता शेणात आंघोळ केली तरी भागणार न्हाई." तो तिथंच खाली बसला. पोती त्याच्या मेव्हण्याच्या कडब्यात निघाली. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की कुत्रीनं जीपमधूनच चोर ओळखला. मीही ते खोडून काढलं नाही. कशाला काढू? जुलीची इज्जत ती माझी इज्जत होती.

उमरीहून एक म्हातारबा एसटीनं आले होते. त्यांची तपकिरीची डबी घरातच कोणीतरी लपवली होती. चार पोरांतलं कोणतं, ते कुत्रीनं सांगावं. मी म्हणालो, "बाबा, साहेबाचा हुकूम असल्याशिवाय कुत्रं न्हेता येत न्हाई." ते म्हणाले, "मग साहेबालाच हुंगायला पाठवा की." साहेब आत बसले होते, दार उघडं होतं. पुढं काय झालं ते सांगत नाही.

झाल्या करामती. आता ती गोष्ट.

सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. ज्वारी पोटरीत यायच्या आधीच करपली, बाया लेकरं घेऊन खडी फोडायच्या कामावर जात होत्या, टँकर हे गावाचं कॅलेंडर झालं होतं. त्याच काळात लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झालेले. ऑफिसं भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग ओला, साहेब नवे, खुर्च्या नव्या, आणि नव्या जिल्ह्यात आपलं काम सगळ्यांत आधी दिसलं पाहिजे अशी जो तो घाई करून राहिलेला. नव्या जिल्ह्याला अजून कुत्रं मिळालं नव्हतं. म्हणून मागणी आली की आमची जीप निघायची.

मुरुडच्या बाजूचं एक गाव. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. सार्वजनिक विहिरीवरची मोटार रातोरात चोरीला गेली होती. विहिरीच्या तळाशी जे काय पाणी राहिलं होतं ते ही मोटार टाकीत चढवायची, त्यावर अख्खं गाव. मोटार गेली म्हणजे गावाचा घास गेला. लोक खवळणार नाहीत तर काय.

आम्ही पहाटे निघालो. जुलीसाठी पाण्याचा एक डबा कायम जीपमध्ये असायचा, त्याला कोणी हात लावायचा नाही असा दंडक होता. अहमदपूर सोडलं आणि जीप तापली, बॉनेटमधून वाफ निघाली. आजूबाजूला ना नदीत पाणी ना विहिरीत. ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "तिचं हाय ते." तो म्हणाला, "मग ढकलत न्हेऊ का मुरुडला?" शेवटी जुलीचं पाणी जीपनं पिलं. जुली सीटवर बसून ते बघत होती. ड्रायव्हर म्हणाला, "गावात पाजू की तिला, एवढं काय." मलाही तसंच वाटलं.

गावात पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. ठाण्याचे फौजदार आधीच येऊन बसले होते. तरणा माणूस, नव्या जिल्ह्यात नवा आलेला, कडक इस्त्री. मी सलाम करून पहिल्यांदा पाणी मागितलं, स्वतःला नाही, जुलीला. सरपंच म्हणाले, "हवालदार, माणसाला भेटंना तर कुत्र्याला कुठून आणावं?" लोक हसले. मी फौजदारांना म्हणालो, "साहेब, जमीन तापलीय, वास टिकत नाही. ती तहानलेली आहे. उन्हं कलली की सोडतो."

"मोठे साहेब संध्याकाळी मुरुडला येणार आहेत. त्यांना मी काय सांगू, कुत्रं झोपलंय?"

"साहेब, उन्हात पळवू नये असा नियम आहे."

"नियम मला माहीत आहेत. कुत्रं सरकारी आहे का तुमच्या घरचं?"

सरकारीच होतं. मी पट्टा हातात घेतला आणि सवयीप्रमाणं गर्दीसमोर उभा राहिलो. अगदी ठसक्यात म्हणालो, "हे कुत्रं आजवर चुकलेलं नाही. ज्यानं केलं असल त्यानं आत्ताच पुढं यावं." कोणी हाललं नाही. विहिरीवर चोरानं बारदानाचा एक तुकडा टाकला होता, तो जुलीला हुंगवला.

ती थोडं नाकानं चालली. विहिरीच्या कट्ट्याला एक फेरी मारली, मुरुडच्या सडकेकडं तोंड केलं, दहावीस पावलं गेली आणि थबकली. मग तिची मान वर झाली. तोंड उघडलं, जीभ लोंबायला लागली, आणि तिनं पट्ट्याला असा हिसका दिला की माझा हात सोलला. सडक सोडून ती सरळ उलट्या बाजूला, वस्तीकडं सुटली. मला त्याच क्षणी कळलं. मी मागून ओरडलो, "जुली, स्टे." ती थांबली नाही. मागून अख्खं गाव पळत होतं. त्यांना वाटलं, हस्तक कुत्रीला जोर देऊन राहिलाय.

गावाच्या कडेला बौद्धवस्ती. तिथं सरकारनं मागं कधीतरी बोअर पाडून हापसा बसवला होता. गावची विहीर आटली तरी तो हापसा ओकत का होईना पाणी द्यायचा. वरच्या आळीच्या बाया त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन तिथं येऊन उभ्या राहायच्या. काहींना ते जड जात होतं, आणि त्याचा राग त्या हापशावर नाही तर वस्तीवर निघत होता. हे मला नंतर कळलं. जुलीला तेवढंच कळलं होतं की तिथं जमीन ओली आहे. हापशाला लागून पहिलं घर, दारात भरून ठेवलेली बादली. जुलीनं त्या बादलीत कानापर्यंत तोंड घातलं.

दारात एक बाई उभी होती, सुभद्रामावशी. ती भ्याली नाही. बादली जरा कलती करून तिनं जुलीच्या पुढं सरकवली. म्हणाली, "पी माय, पी. किती धाप लागली गं."

मागून गर्दी आली. कोणीतरी ओरडलं, "घावला! गौतम्याच्या दारात बसली कुत्री!" तोवर घरातून एक पोरगा बाहेर आला, अंगात बनियन, तोंडाला साबण. हा गौतम, मावशीचा एकुलता एक. मॅट्रिक झालेला, टायपिंग शिकलेला. नव्या जिल्ह्याच्या ऑफिसात कारकून म्हणून त्याची निवड झाली होती. ऑर्डर निघायची बाकी होती आणि त्याआधी पोलिसांनी त्याची चारित्र्य पडताळणी करायची होती. वस्तीतला सरकारी नोकरीत लागणारा तो पहिलाच होता. हेही मला तिथं उभ्याउभ्याच गर्दीतून ऐकू आलं. "सायेब होणार व्हता म्हणं," कोणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले.

मावशीनं माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचली. अक्षर लावत, ओठ हलवत वाचली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "आपलेच हाव का ओ तुम्ही?"

मी हळूच म्हणालो, "हाव. जय भीम, मावशी."

"जय भीम. मग सांगा की ह्यांना, काय गैरसमज झालाय ते."

तिला वाटलं, वर्दीत आपला माणूस आहे म्हणजे झालं. माझा बाप लोकाच्या शेतावर सालगडी होता. मी भरती झालो त्या दिवशी तोही असाच माझ्या वर्दीकडं बघत बसला होता.

मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. "साहेब, ती पाण्यावर आली. तहानलेली होती. वास सडकेकडं होता." फौजदार काही बोलायच्या आत सरपंच म्हणाले, "आं? आत्ताच तर तुमी बोल्लाव, कुत्रं चुकत न्हाई म्हणून." मागून कोणीतरी माझा आवाज काढून तेच वाक्य म्हणालं. माझ्याच ठसक्यात. लोक हसले. वर्षानुवर्षं गावोगाव मीच ते वाक्य पेरत आलो होतो.

पंचनामा सुरू झाला. "श्वानाने घटनास्थळापासून माग काढत अमुकच्या घरापर्यंत येऊन थांबून भुंकून संशय दर्शविला." भुंकली कुठं होती ती? तिचं तोंड तर बादलीत होतं. गौतमला बनियनवरच जीपमध्ये घातलं. तो मला म्हणाला, "दादा, मी मोटारीला हातबी लावला न्हाई." साहेब नाही म्हणाला, दादा म्हणाला. मी म्हणालो, "मालूम हाय मला." मालूम असून काय उपयोग, असं त्यानं विचारलं नाही, मीच तेव्हापासून विचारतोय.

याच्यानंतर जे झालं ते मी कितीतरी जणांना सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले. मी मात्र कधी हसलो नाही. सरपंचांनी फौजदारांना चहाला घरी नेलं. मला आणि जुलीलाही मागं यावं लागलं. बादलीवरून तिला ओढून काढल्यामुळं तिचं पोटभर पाणी झालं नव्हतं. सरपंचांच्या दाराशी आलो आणि तिनं पुन्हा हिसका दिला. तशीच मान वर, तशीच जीभ बाहेर. सगळ्यांच्या मधून घुसून ती थेट परसात गेली. तिथं सिमेंटचा मोठा हौद, वर पत्रे टाकलेले, पत्र्यांवर कडबा. जुलीनं पुढचे पाय हौदाला लावले आणि या वेळी मात्र ती खरंच भुंकली. ड्रायव्हरनं पत्रा सरकवला. हौद काठोकाठ. टँकर आधी इथं रिकामा होऊन मग गावात जायचा, ते त्या दिवशी सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलं.

एक म्हातारी म्हणाली, "कुत्रीला बी कळलं की पाणी कुठं मुरतंय." थोडं हसू झालं आणि लगेच विझलं, कारण सरपंचांनी मान वळवून बघितलं.

मी फौजदारांच्या जवळ गेलो. "साहेब, बघितलंत ना? तिथं थांबली तशीच इथं थांबली. तिथलं पंचनाम्यात घेतलंत, इथलंही घ्या. नाहीतर दोन्ही काढा."

फौजदार म्हणाले, "कुत्रं थकलंय. बांधून ठेवा."

"साहेब, पोरगा निर्दोष आहे."

त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्या छातीकडं बोट केलं. "हवालदार, तुमचं आडनाव मी तुम्ही आल्या आल्याच वाचलंय. जास्त बोलू नका, तुमच्याच अंगावर येईल."

एकाच दिवशी दोघांनी माझी पाटी वाचली. एकीला वाटलं, आता न्याय होईल. दुसऱ्याला वाटलं, याचं ऐकायलाच नको. आणि मला तेव्हा काय वाटलं ते सरळ लिहितो. ती पाटी काढून खिशात टाकावी असं वाटलं. माझ्या बापानं ज्या नावासाठी हाल काढले ते नाव मला लपवावंसं वाटलं. त्याची जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

तरी मी रात्री परत गेलो नाही. जीप खराब झाल्याचा बहाणा ड्रायव्हरनं स्वतःहून केला, भला माणूस. उजाडायच्या वक्ताला, जमीन गार असताना, जुलीला पोटभर पाणी पाजून मी तिला पुन्हा बारदान हुंगवलं. पंचांपैकी एक शाळामास्तर तेवढे आले. जुली तोंड मिटून, नाक खाली घालून सावकाश चालली. कट्टा, मग सडक, मग सडकेच्या कडेला टेम्पोच्या चाकांच्या खुणा होत्या तिथं जाऊन बसली. चोरीची मोटार सडकेवरून गेली होती, वस्तीकडं नाही. मास्तरांनी ते बघितलं. मी म्हणालो, "मास्तर, लिहून देता का?" ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "हवालदार, मला इथंच राहायचंय." मी त्यांना दोष देत नाही. माझी तर बदलीच झाली असती फार तर.

मी माझ्या अहवालात सगळं लिहिलं. पाणी नव्हतं, ऊन होतं, नियम मोडून कुत्रं पळवलं, माग सडकेवर निघतो. अहवाल वर गेला आणि वरच राहिला. पुढं साप्ताहिक सुटी घेऊन मी लातूरला एका मोठ्या साहेबांना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. म्हणाले, "तुमचं म्हणणं खरं असेल. पण फौजदारांनी पंचनाम्यावर विश्वास ठेवला." फौजदार म्हणायचे, पंचांनी सह्या केल्या. पंच म्हणायचे, कुत्रीनं दाखवलं. जो तो बोट पुढच्याकडं करायचा आणि शेवटचं बोट जुलीकडं. जिम्मेदारी घ्यायला सगळ्या खात्यात ती एकटीच राहिली होती, आणि तिला जबाब देता येत नव्हता. कोर्टात म्हणतातच की कुत्र्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या मागून पळत गेलेल्या माणसांची तरी कुठं होते?

मोटार सापडली. दुसऱ्या तालुक्यात एका टेम्पोवाल्याकडं सापडली, दुसऱ्याच चोरीच्या तपासात. त्यानं कबूलही केलं. गौतमला तर त्याच्या आधीच सोडलं होतं. काही निघालं नाही म्हणून. सोडलं तेव्हा त्याला नीट चालता येत नव्हतं. पण पडताळणीच्या कागदावर शेरा पडून गेला होता: चोरीच्या गुन्ह्यात संशयित म्हणून ताब्यात घेतले होते. खोटं एक अक्षर नाही. नव्या ऑफिसातल्या कारकुनाच्या जागेवर दुसरं नाव लागलं. वर गौतमचं नाव ठाण्याच्या निगराणीत चढलं. निगराणी म्हणजे काय, तर आसपास कुठं काही चोरी झाली की पोलिसानं पहिल्यांदा त्याच्या घरी जाऊन बघायचं, हा कुठं होता, कोणाकडं गेला, कोण भेटायला आलं. नाव चढवायला कोणाचीही सही चालते. उतरवायला कोणाची लागते, ते मी नोकरीभर विचारत राहिलो. कोणी सांगितलं नाही. एका साहेबानं उलट विचारलं, "तुमचा नातेवाईक आहे का?"

पाऊस झाला त्या वर्षी एकदा लातूरहून येताना मी वाट वाकडी करून त्या गावी गेलो. जुली संगं होती. चोर सापडला हे मावशीला आपल्या तोंडानं सांगावं, एवढंच मनात होतं. खरं म्हणजे तिनं मला शिव्या द्याव्यात म्हणून गेलो होतो. शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा होतो.

मावशी दारातच होती, हापशावर भांडी घासत. मला ओळखलं. जय भीम मीच आधी घातला, तिनं उलट घातला. "गौतम कुठं हाय?"

"पुण्याला. कुठल्यातरी बांधकामावर. हितं राहून काय करील? महिन्याला पोलिस येतेत, गडी कुठं हाय म्हणून इचारतेत. टायपिंगचं सर्टिफिकेट न्हेलंय संगं." ती भांड्याला राख लावत बोलत होती. माझ्याकडं बघत नव्हती.

मी म्हणालो, "मावशी, चोर घावला. टेम्पोवाला व्हता."

"आयकलं मी. मास्तर सांगत व्हते." मग तिनं राखेचे हात धुतले, हापसा मारला, तीच बादली भरली आणि जुलीच्या पुढं आणून ठेवली. जुली लपालपा प्यायला लागली. जुली म्हातारी व्हायला लागली होती, तोंडावर पांढरे केस आले होते. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ते बघून मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मावशी, माझं कुत्रं चुकलं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. मी कितीदा आठवून बघितलं, पण राग नव्हताच.

"कुत्रं कुठं चुकलं, दादा? तिला तहान लागली व्हती, ती पाण्यापाशी आली. पाणी पिली. तुम्ही येवढे सगळे तिच्या मागं मागं कशापायी आला व्हताव?"

जुलीचं पिणं होईपर्यंत मी पट्टा धरून तिथंच उभा राहिलो.

त्यानंतर मी पुष्कळ गावांत गेलो, पुष्कळ गर्दीसमोर उभा राहिलो. ते वाक्य मात्र पुन्हा म्हणालो नाही. आमचे साहेब चिडायचे, "हवालदार, लोकांना सांगा की कुत्रं चुकत नाही म्हणून." मी म्हणायचो, "साहेब, ते लोकांना मालूम आहे. आधी तिला पाणी मागवा."